घड्याळ बनवून घेतलं, पण त्यातलं नेमकं काय?

डायलवर आपलं नाव, काटे आवडीचे, केस, म्हणजे बाहेरची डबी, मनगटाच्या मापाची. एवढं झालं की लोक सरसकट म्हणतात, घड्याळ बनवून घेतलं. बहुतेकदा आत तयार मूव्हमेंट, म्हणजे घड्याळ चालवणारं यंत्र, असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण तयार मूव्हमेंट सजवून घेणं आणि मूव्हमेंटच नव्याने घडवून घेणं या दोन कामांना एकच नाव दिलं, की फरक पैसे देऊन झाल्यावर कळतो.

रंग, आकडे, पट्टा दोन्हीकडे हवे तसे मिळतात, ते सोडा. खरा घोळ मागच्या काचेतून पाहताना होतो. युनिटास ६४९७ ही तयार मिळणारी, मुळात खिशातल्या घड्याळाची मूव्हमेंट, व्यास ३६.६ मि.मी. काही कारागीर तिचे ब्रिज (चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्या) काढून स्वतः कापलेली मोठी प्लेट बसवतात, कडा तासतात, स्क्रू निळे करतात. मागून ती ओळखूही येत नाही, पण चाकं आणि एस्केपमेंट (चाकांना ठेक्यात पुढे सोडणारा भाग) मूळचीच राहतात. भिंगातून प्लेटच्या तासलेल्या कडांचे आतले कोपरे पाहा. टोकदार असतील तर ते हाताने कानस चालवून केलेले, कारण फिरत्या कटरने तिथे गोलाई राहते. मात्र यातून फिनिशिंग कळतं. मूव्हमेंट कोणाची, ते कळत नाही.

हा फरक भोवतो मागणी करताना. सेकंदाचा छोटा काटा मूव्हमेंटमधल्या चौथ्या चाकाच्या दांड्यावर बसतो. चावी ३ च्या आकड्याकडे असेल तर ६४९७ मध्ये तो ९ वर येतो, तिच्या जोडीच्या ६४९८ मध्ये ६ वर. ‘जरा सरकवा’ म्हटलं की चाकांची मांडणीच बदलावी लागते. तारखेचंही तसंच. ईटीए २८२४ या तारीखवाल्या तयार मूव्हमेंटचा व्यास २५.६ मि.मी. ती ४२ मि.मी.च्या केसमध्ये घातली की तारखेची खिडकी मध्याकडे ओढलेली दिसते आणि चांगल्या डायलचा विचका होतो.

म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी विचारा: मेनप्लेट (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य प्लेट), चाकं, बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक), एस्केपमेंट यांतलं काय स्वतः बनवता, काय विकत आणता? हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) आणि माणकं (दांडे ज्यांत फिरतात ते खडे) विकतची असली तर नाक मुरडू नका. स्वतःची मूव्हमेंट करणारेही ती बहुधा बाहेरूनच घेतात. नुसतं ‘इन-हाउस’, म्हणजे ‘आमच्याकडेच बनवलं’, हे मात्र उत्तर म्हणून चालवून घेऊ नका.

पहिलंच घड्याळ असेल तर तयार मूव्हमेंटच घ्या. घड्याळ पडून बॅलन्सचा दांडा मोडला, तर ६४९७ चा दांडा सुटा मिळतो आणि कोणीही जाणकार घड्याळजी तो बदलतो. नव्याने घडवलेल्या मूव्हमेंटचा दांडा लेथवर कातावा लागतो. तीच हवी असेल तर दोन सुटे दांडे, एक मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) आणि मापांसकट आराखडे करारात लिहून घ्या. आराखडे द्यायला कारागीर तयार नसेल तर काम दुसरीकडे न्या.