चित्रपट-पोस्टरांचे लिलाव व संग्रहमूल्य

चित्रपटाच्या जाहिरातीसाठी छापलेली जुनी पोस्टरे संग्राह्य वस्तू म्हणून लिलावात विकण्याचा व्यवहार. त्यात मोल असते ते चित्रपट प्रदर्शित होताना चित्रपटगृहांसाठी छापलेल्या मूळ प्रतीला. पुढे घरात लावण्यासाठी काढलेल्या नकला या बाजारात धरल्याच जात नाहीत. १९९० मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने केवळ पोस्टरांचा लिलाव भरवला आणि हौशी मंडळींच्या देवघेवीला प्रतिष्ठा आली. आज या क्षेत्रातले बरेचसे मोठे सौदे अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात होतात.

जुनी पोस्टरे दुर्मीळ का, याचे उत्तर त्यांच्या वाटपाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत १९४० पासून नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी बहुतेक स्टुडिओंची पोस्टरे चित्रपटगृहांना भाड्याने पुरवी. खेळ संपले की पोस्टर परत करायचे, अशी सूचनाच त्यावर छापलेली असे. परत आलेली प्रत पुढच्या गावी जाई आणि फाटेपर्यंत वापरली जाई. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत तर गोदामेच्या गोदामे लगद्यात गेली. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या कित्येक गाजलेल्या चित्रपटांच्या पोस्टरांच्या प्रती आज बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

सर्वांत प्रचलित आकार म्हणजे ‘वन-शीट’, २७ × ४१ इंचांचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तो एक इंचाने आखूड झाला. ब्रिटिश ‘क्वाड’ ३० × ४० इंचांचे आणि आडवे असते, तर ‘लॉबी कार्ड’ ११ × १४ इंचांचे, जाड कागदावरचे. वन-शीट टपालाने पाठवण्यासाठी तीन आडव्या व एक उभी अशा घड्या घालत. १९७० च्या आधीचे वन-शीट एकही घडी नसलेले समोर आले, तर जाणकार आनंदून जाण्याआधी संशय घेतो. खालच्या कडेला ‘५८/१२३’ असा आकडा असेल, तर पहिले दोन अंक वर्षाचे. आधी ‘आर’ असेल, तर ते पुनःप्रदर्शनाच्या वेळचे पोस्टर, म्हणजे किंमत एकदम खाली.

किंमत ठरते ती चित्रपटाचे नाव, चित्रकारी आणि उपलब्ध प्रती यांवरून. चित्रपट चांगला असणे फारसे महत्त्वाचे नसते. सामान्य विज्ञानपटांची भडक पोस्टरे उत्तम नाट्यपटांच्या पोस्टरांना सहज मागे टाकतात. १९२७ च्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ची एकही संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, त्याचे पोस्टर मात्र २०१४ मध्ये ४,७८,००० डॉलरला गेले. ‘कॅसाब्लांका’च्या १९४६ च्या इटालियन पोस्टरालाही २०१७ मध्ये नेमके तेवढेच मिळाले. ते लुइजी मार्तिनाती याने रंगवले होते. मायदेशातले पोस्टर ते अस्सल, हा संग्राहकांचा जुना आग्रह चित्रकारीपुढे असा सैल पडतो.

दोन्ही पोस्टरांची रक्कम सारखीच कशी, याचे उत्तर लिलावाच्या हिशेबात आहे. विक्रेता पोस्टर लिलावगृहाकडे सोपवतो, तज्ज्ञ त्याची अंदाजित किंमत छापतात आणि बहुधा एक राखीव किंमतही गुप्तपणे ठरते. बोली तिच्या खाली राहिली तर माल परत. हातोडा पडला की त्या रकमेवर खरेदीदाराकडून ‘बायर्स प्रीमियम’ घेतला जातो. हेरिटेजमध्ये त्या काळी तो १९.५ टक्के होता. म्हणजे दोन्ही वेळा शेवटची बोली ४,००,००० डॉलरची होती आणि वरचे ७८,००० लिलावगृहाचे. बातम्यांत छापून येते ती प्रीमियमसह रक्कम. विक्रेत्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते, कारण अनेकदा त्याच्याकडूनही दलाली कापली जाते. दुसऱ्याच्या विक्रीचा आकडा वाचून आपल्या घरातल्या पोस्टराची किंमत ठरवणारे इथेच फसतात.

जीर्ण पोस्टर कापडावर चढवण्याला ‘लिनन-बॅकिंग’ म्हणतात. प्रत्यक्षात कापड बहुधा सुती असते. त्यावर जपानी कागद आणि त्यावर गव्हाच्या खळीने पोस्टर चिकटवतात. खळ पाण्याने सुटते, म्हणून हे काम उलटवता येते. टाचणीची भोके, घडीवरचा उडालेला रंग भरून काढणे बाजाराला मान्य आहे; अर्धा चेहरा नव्याने रंगवणे नाही, निदान ते सांगितल्याशिवाय नाही.

नकली माल ओळखण्याचे सर्वांत साधे साधन भिंग. १९३० च्या दशकातली बरीच पोस्टरे शिळाछापाची आहेत. त्यांत रंग खडूसारखा, अनियमित कणांत उतरतो. फोटोवरून काढलेल्या नकलेत ठिपक्यांची ठरावीक जाळी दिसते आणि कधी कधी मूळ प्रतीच्या घड्यांच्या रेघाही छापून आलेल्या असतात, त्याही गुळगुळीत कागदावर! २००९ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या भयपटांची बनावट पोस्टरे व लॉबी कार्डे मोठ्या रकमांना विकली गेल्याचे उघड झाले आणि जुन्या, भरवशाच्या संग्राहकांचेही हात पोळले.

संग्रहमूल्य वाढतच जाते, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. ‘द ममी’ (१९३२) चे वन-शीट १९९७ मध्ये सदबीज या लिलावगृहात ४,५३,५०० डॉलरला विकले गेले. २०१७ मध्ये ‘ड्रॅक्युला’ (१९३१) च्या पोस्टराने ५,२५,८०० डॉलरचा लिलावातला उच्चांक केला. महागाई धरली, तर १९९७ ची ती रक्कम २०१७ च्या सुमारे ६,९०,००० डॉलरइतकी होते; म्हणजे वीस वर्षांनी झालेला विक्रम खऱ्या अर्थाने विक्रम नव्हताच. २०१८ मध्ये ‘द ममी’ची आणखी एक प्रत सदबीजने दहा ते पंधरा लाख डॉलरच्या अंदाजाने मांडली, ती विकलीच गेली नाही. एवढ्या वरच्या थरात खरेदीदार मूठभर असतात; किंमत चढायला त्यांतले दोघे एकाच वेळी अडून बसावे लागतात.

पुरवठाही अचानक बदलतो. पेन्सिल्व्हेनियातल्या बर्विक गावी एका माळ्यावर खळीने एकमेकांवर चिकटवलेली १९३०-३१ ची ३३ पोस्टरे सापडली. थर सोडवून, दुरुस्त करून २०१२ मध्ये ती विकली, तेव्हा पाच लाखांवर डॉलर आले. याउलट १९९५ नंतर इंटरनेटवर लिलाव सुरू झाले आणि ‘दुर्मीळ’ म्हणून मिरवणारी कितीतरी पोस्टरे घरोघरी निघाली. पिढीचाही भाग आहे: लहानपणी पाहिलेला चित्रपट माणूस हातात पैसा आल्यावर विकत घेतो. १९५० च्या दशकातल्या अनेक काउबॉयपटांची मागणी त्यांच्या प्रेक्षकांबरोबर ओसरली, आणि ‘स्टार वॉर्स’ने तिची जागा घेतली.

१९९० नंतरची पोस्टरे गुंडाळून, बहुधा दोन्ही बाजूंनी छापून येतात आणि पहिल्या दिवसापासून जपली जातात. म्हणून बहुतेकांना लिलावात भाव नाही. अपवाद मागे घेतलेल्या पोस्टरांचा: ‘स्पायडर-मॅन’च्या आगाऊ पोस्टरात नायकाच्या डोळ्यांत न्यूयॉर्कचे जुळे मनोरे दिसत होते, ११ सप्टेंबर २००१ नंतर स्टुडिओने ते परत मागवले, आणि तेव्हापासून संग्राहक ते शोधत असतात.