घरच्या घरी बेक केलेला पास्ता : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोंड्याच्या बाजारातील आमच्या छोट्या दुकानातून ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन), बेकिंगची भांडी, चीज आणि पास्त्याची पाकिटे नेणारे ग्राहक पुढच्या खेपेस बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. ओव्हनमध्ये ठेवताना पास्ता चांगला रसदार होता, बाहेर काढला तेव्हा मात्र कोरडा पडून त्याचा गोळा झाला होता. ओव्हनमध्येच काही बिघाड आहे असे त्यांना वाटते. पण कारण जवळजवळ प्रत्येक वेळी पाण्याच्या हिशेबात सापडते. पास्ता ओव्हनमध्येही शिजतच राहतो आणि शिजताना भोवतीच्या सॉसमधले पाणी ओढून घेतो. त्यामुळे उकळताना तो थोडा कच्चा असतानाच काढावा आणि सॉस डोळ्यांना जरा जास्तच पातळ वाटेल असा ठेवावा. ही दोन पथ्ये पाळली, तर पहिल्याच प्रयत्नात पदार्थ साधतो. बाकीची कृती आपल्या रोजच्या स्वयंपाकापेक्षा अवघड नाही.

पास्ता निवडताना पाकिटाच्या मागची घटकांची यादी अवश्य वाचावी. त्यात ड्युरम गव्हाचा रवा असे लिहिलेले असेल, तर तो पास्ता दोनदा शिजूनही आकार सोडत नाही, कारण या कठीण गव्हात प्रथिने भरपूर असतात. इटलीत तर वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असा कायदा 1967 पासून आहे. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो. तो सॅलडला किंवा लगेच खाण्याला चालेल, पण बेक करायला आम्ही तो सुचवत नाही, कारण ओव्हनमध्ये तो मऊ पडून एकमेकांना चिकटतो. आकार पेने, रिगातोनी किंवा फुसिलीसारखा पोकळ अथवा पीळदार घ्यावा, म्हणजे सॉस आत शिरून राहतो.

चार माणसांसाठी 250 ग्रॅम पास्ता पुरतो. त्यासाठी अडीच लिटर पाणी खळखळ उकळून त्यात सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड मोठा चमचा मीठ घालावे. पाण्यात तेल घालण्याची गरज नाही. तेलाचा थर बसला की सॉस पास्त्याला नीट धरत नाही. पाकिटावर 11 मिनिटे लिहिली असतील, तर आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून दातांनी तोडून पाहावा. मधोमध पांढरा, कच्चा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसत असतानाच पास्ता चाळणीत ओतावा, आणि त्याआधी त्याचे वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवावे. पास्त्यावर गार पाणी ओतू नये.

व्हाइट सॉससाठी जाड बुडाच्या भांड्यात 30 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात तेवढाच मैदा घालावा आणि रंग न बदलता, फक्त कच्चा वास जाईपर्यंत, दोन-तीन मिनिटे परतावा. नंतर 600 मिलिलिटर दूध थोडे थोडे घालत सतत ढवळावे. पहिले अर्धी वाटी दूध घातल्यावर मिश्रण एकदम घट्ट होते. तेव्हा घाबरून सगळे दूध ओतले की गुठळ्या होतात. प्रत्येक वेळी मिश्रण एकजीव झाल्यावरच पुढचे दूध घालावे. उकळी आल्यावर चार-पाच मिनिटे शिजवून मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ घालावे. पळीच्या पाठीवर सॉसचा पातळ थर राहिला आणि तो चटकन खाली ओघळला, म्हणजे बेत बरोबर जमला.

दुसऱ्या भांड्यात थोड्या तेलात लसूण आणि एक कांदा परतून चार मध्यम टोमॅटो बारीक चिरून घालावेत आणि तेल सुटेपर्यंत शिजवावेत. आपल्या बाजारातले टोमॅटो बरेचदा आंबट असतात, तेव्हा चिमूटभर साखर घालायला हरकत नाही. टोमॅटो नुसत्या दुधात घातला तर दूध फाटू शकते. तयार व्हाइट सॉसमध्ये मैद्यामुळे तो धोका फारसा राहत नाही. ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, फरसबी, मशरूम यांपैकी जे घालाल ते आधी परतून त्याचे पाणी आटवून घ्यावे. विशेषतः मशरूम तर कच्चे घालूच नयेत, कारण ते ओव्हनमध्ये पाणी सोडतात आणि तळाशी फिके पाणी साचते.

मांसाहारी घरांत कोळंबी किंवा चोरीस (गोव्याचे मसालेदार डुकराच्या मांसाचे सॉसेज) घालण्याविषयी आम्हाला नेहमी विचारले जाते. लहान कोळंबीला मीठ, हळद आणि मिरपूड लावून ती मोठ्या आचेवर जेमतेम मिनिटभर परतावी. उरलेली ती ओव्हनमध्ये शिजते. जास्त परतली तर बेक झाल्यावर ती चिवट लागते. चोरीस वरचे आवरण काढून, मोकळे करून, तेल न घालता परतावेत, कारण त्यांची चरबी सुटतेच. 250 ग्रॅम पास्त्याला 100 ग्रॅम चोरीस भरपूर झाले. त्यात मीठ, मिरची आणि व्हिनेगर आधीच असते, म्हणून सॉसमध्ये मीठ घालताना हात आखडता घ्यावा आणि साखर थोडी वाढवावी. आमच्या मते गोव्यातल्या स्वयंपाकघरात या पदार्थाला याहून चांगली जोड नाही. श्रावणात किंवा सोमवारी करणार असाल, तर चीजच्या पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्यावी, आणि कांदा-लसूण वगळून टोमॅटोत थोडा ओवा घालून पाहावा.

आता पास्ता, दोन्ही सॉस आणि भाज्या एकत्र करून, साधारण दोन लिटर पाणी मावेल अशा लोणी लावलेल्या भांड्यात ओतावे. मिश्रण भांड्यात सहज पसरले पाहिजे. न पसरल्यास राखून ठेवलेले पास्त्याचे पाणी घालावे. वर 150 ग्रॅम मोझरेला किसून पसरावे. तार सुटते ती मोझरेलाला. प्रोसेस्ड चीज वितळते, पण त्याला तशी तार येत नाही आणि ते खारट असते, म्हणून चवीपुरते थोडेच मिसळावे. चीजवर पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) कालच्या पावाचा, लोण्यात चोळलेला चुरा भुरभुरावा. विकतच्या ब्रेडक्रम्सपेक्षा तो अधिक खुसखुशीत होतो.

ओटीजी 200 अंशांवर 10 ते 15 मिनिटे आधी तापवून घ्यावा आणि भांडे ठेवल्यावर तापमान 180 करावे. दोन्ही रॉड चालू ठेवून मधल्या कप्प्यात 20 ते 25 मिनिटे लागतात. लहान ओटीजीमध्ये वरचा रॉड फार जवळ येत असल्याने पहिली 15 मिनिटे भांड्यावर फॉइल सैल झाकावी. ती रॉडला लागणार नाही याची काळजी घ्यावी. कडेने बुडबुडे दिसू लागले की फक्त वरचा रॉड चालू ठेवून तीन-चार मिनिटे रंग येऊ द्यावा, आणि या वेळी ओव्हनसमोरून हलू नये. बाहेर काढल्यावर 10 मिनिटे थांबूनच वाढावे. तेवढ्यात सॉस सावरतो आणि तुकडे नीट निघतात.

कन्व्हेक्शन असलेल्या मायक्रोवेव्हमध्येही 180 अंशांवर हे जमते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळेल, पण रंग येणार नाही. ओव्हनच नसेल, तर जाड बुडाच्या कढईत तळाशी स्टँड ठेवून, घट्ट झाकण लावून ती 10 मिनिटे तापवावी आणि मग पास्त्याचे धातूचे भांडे आत ठेवून मंद आचेवर 20 मिनिटे द्यावीत. नॉनस्टिक कढई अशी रिकामी तापवू नये. पावाचा चुरा मात्र तव्यावर वेगळा भाजून शेवटी घालावा.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. ओटीजी 16 अँपिअरच्या स्वतंत्र प्लगवरच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डवर कधीही लावू नये. पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तर दार न उघडता थांबावे. आतली उष्णता बराच वेळ टिकते आणि थोड्या वेळात वीज आल्यास तिथूनच पुढे चालू ठेवता येते. काचेचे तापलेले भांडे ओल्या ओट्यावर किंवा फ्रीजमधले गार भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास ते तडकते. अशा वेळी लाकडी पाट किंवा जाड कापड कामी येते, आणि गार भांडे अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावे.

उरलेला पास्ता आपल्याकडच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये तो आणखी सॉस शोषतो, म्हणून दुसऱ्या दिवशी गरम करताना कडेने दोन-तीन चमचे दूध सोडून, झाकून, 160 अंशांवर मध्यापर्यंत चांगला गरम होईस्तोवर ठेवावा. कोळंबी घातलेली असेल, तर तो दुसऱ्याच दिवशी संपवावा.