अर्ध्या तासाची धास्ती आणि घरातलं सोयाबीन

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: ग्राउंडवरून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत प्रोटीन पोटात गेलं नाही, तर सकाळची सगळी मेहनत वाया. याच धास्तीपोटी दर्यापूर-मूर्तिजापूरपासून वणी-राळेगावपर्यंत गावोगावची पोरं तालुक्याला जाऊन पावडरचा डबा आणतात. पैसा बहुतेक वेळा बापाने विकलेल्या सोयाबीनचा असतो. या अर्ध्या तासाला आज शास्त्रीय आधार उरलेला नाही. तो का नाही, हे समजून घ्यायचं तर स्नायूच्या पेशीत डोकवावं लागेल.

स्नायू ही एकदा बांधून संपलेली वस्तू नाही. कुडाची भिंत जशी रोज थोडी झडते आणि रोज थोडी लिंपली जाते, तसं स्नायूतलं प्रथिन रोज साधारण एक ते दोन टक्के मोडतं आणि तितकंच नवं बनतं. रात्रभराच्या उपाशी पोटी मोड जास्त असते, जेवल्यावर बांधणी जास्त होते. सोळाशे मीटर जीव तोडून धावल्यावर किंवा 7.26 किलोचा गोळा पुन्हा पुन्हा फेकल्यावर मोड आणि बांधणी दोन्ही वाढतात. बांधणी जास्त वाढते, तरी काहीच खाल्लं नाही तर हिशेब उणेच राहतो. हे अंदाजाने ठरलेलं नाही. प्रथिनं ज्या लहान घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात; फेनिलॲलानिन या अमिनो आम्लातल्या काही अणूंच्या जागी त्यांचे जड भाऊबंद बसवून ते शिरेतून देतात, मग मांडीच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा सुईने काढून त्यात जड अणू किती शिरले ते मोजतात. त्यावरून नवं प्रथिन किती बनलं ते कळतं.

पण बांधणी सुरू करायची, हे पेशीला कळतं कसं? मला सगळ्यात जास्त भुरळ घालणारा भाग हाच आहे. 1964 साली कॅनडाची एक तुकडी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅपामायसिन हे द्रव्य वेगळं केलं. ते पेशींची वाढ थांबवत होतं. नेमकं कशाला धरून थांबवतं, याचा धागा 1991 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांना यीस्टमध्ये सापडला. रॅपामायसिन ज्या प्रथिनाला धरतं, त्याच्या माणसातल्या रूपाला आज एमटॉर म्हणतात. 2009 मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी तरुणांना व्यायामाआधी रॅपामायसिन दिलं. एरवी व्यायामानंतर तास-दोन तासांत वाढणारी प्रथिनबांधणी या वेळी वाढलीच नाही. म्हणजे व्यायामाचा निरोप एमटॉरमार्फतच जातो.

आता पेशीच्या आत. अमिनो आम्लं वीस, पण एमटॉरला जागं करण्यात ल्युसिनचा वाटा सगळ्यात मोठा. पेशीत सेस्ट्रिन-2 नावाचं प्रथिन असतं, ते एरवी गेटर-2 या प्रथिनसमूहाला धरून ठेवतं. सेस्ट्रिनला ल्युसिन चिकटलं की पकड सुटते. मोकळं झालेलं गेटर-2 गेटर-1 ला आवरतं, गेटर-1 आवरलं गेलं की रॅग प्रथिनं मोकळी होतात, आणि ती एमटॉरला लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल मोडणाऱ्या पिशवीच्या, पृष्ठभागावर ओढून आणतात. तिथे रेब नावाचं प्रथिन एमटॉरला चालू करतं. मात्र रेबलाही अडवणारा एक असतो, टीएससी-2. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की स्नायूवर जोराचा ताण आला की हा टीएससी-2 लायसोसोमपासून दूर जातो. म्हणजे ताणाने रेब मोकळं होतं आणि ल्युसिनने एमटॉर रेबपाशी पोचतो. नुसता व्यायाम किंवा नुसतं खाणं यांपेक्षा दोन्ही मिळून परिणाम मोठा का, ते इथे दिसतं.

आणि ताणाचा हा परिणाम अर्ध्या तासात ओसरत नाही. चांगल्या व्यायामानंतर स्नायू अन्नातल्या अमिनो आम्लांना निदान 24 तास जास्त प्रतिसाद देत राहतो. त्यामुळे सहाला धावून नऊला जेवलात तरी काही बिघडत नाही. दिवसभरात एकूण किती खाल्लं आणि ते तीन-चार वेळा वाटून खाल्लं का, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात, तेही चूक. ते तासाभरात रक्तातून निघून जातं, दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. ते येतं स्नायूतंतूंच्या बारीक इजेतून, विशेषतः उतारावर धावताना. प्रोटीन हे त्या दुखण्यावरचं औषध नाही.

आता ताटाकडे बघू. साधारण माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं. भरतीचा सराव करणाऱ्याला 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतं. 60 किलोच्या पोराला 72 ते 96 ग्रॅम. भाकर, पोळी, भात मिळून 400 ग्रॅम धान्य धरलं तर 40 ग्रॅमच्या आसपास मिळतं. पातळ वरणाच्या वाटीत डाळ वीसेक ग्रॅम, म्हणजे प्रथिन चार-साडेचार. दोन वाट्या वरण आणि दोन चहातलं दूध धरूनही आपण पन्नाशीच्या पुढे फारसे जात नाही. तूट खरी आहे, आणि ती घरातल्या जिनसांनी भरून निघते. 50 ग्रॅम सोयाबीन वडीत 25 ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत दहाएक, तीन अंड्यांत 18. वरण घट्ट केलं, तरी फरक पडतो. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन भरपूर आहे, पण लायसिन हे दुसरं गरजेचं अमिनो आम्ल फार कमी, आणि शिजवल्यावर ती प्रथिनं नीट पचत नाहीत. लायसिन तुरीत-हरभऱ्यात आहे. भाकर आणि घट्ट झुणका ही जोडी म्हणूनच चांगली.

सोयाबीन आपल्याच वावरात पिकतं. बाजार समितीतून ते तेलाच्या कारखान्यात जातं, तेल काढल्यावर प्रथिनाने भरलेली पेंड उरते आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मला याची खंत वाटते. 'सोयाबीन उष्ण पडते', 'उन्हाळ्यात अंडी बाधतात' या भीतीला काही आधार नाही; शरीराचं तापमान अंड्याने बिघडत नाही. डब्यावरच्या पिळदार दंडाच्या चित्रालाही तेवढाच आधार आहे. पावडर म्हणजे दुधातलं किंवा सोयाबीनमधलं प्रथिन वाळवून भरलेलं. सोय म्हणून ठीक, पण तिच्याशिवाय अडत नाही.

दोन गोष्टी मात्र काटेकोर पाळा. हरभरे भिजवून कच्चे खातात तसं सोयाबीन खाऊ नका. त्यात ट्रिप्सिन या पाचक रसातल्या प्रथिनाला अडवणारी द्रव्यं असतात आणि ती ओल्या उष्णतेने नीट निकामी होतात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये बोटाने चेपेल इतकं शिजवा. दुसरं, निरोगी किडनीला एवढ्या प्रोटीनने धोका नाही, पण ज्याची किडनी आधीच दुबळी आहे त्याला आहे. अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, किडनीच्या तक्रारी घरोघर ऐकू येतात. तिथल्या पोरांनी प्रथिनं वाढवण्याआधी किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.