खान्देशातील नागरी संस्था व सार्वजनिक जीवन

खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, महानगर म्हणावे असे एकही शहर नाही. मुंबई-पुण्यात एकाच शहरात असणारी कचेऱ्या, विद्यापीठ, संशोधनसंस्था आणि मोठ्या बाजारपेठा ही सारी व्यवस्था येथे पाच-सहा गावांत विभागलेली आहे. वरिष्ठ यंत्रणा तर प्रदेशाबाहेरच आहे : महसुली कामासाठी विभागीय आयुक्तांकडे नाशिकला आणि उच्च न्यायालयातील दाव्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावे लागते.

1818 मध्ये इंग्रजी अंमल आल्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि पांझरा नदीकाठी सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. जुन्या शहरातले पत्ते अजूनही ‘गल्ली नंबर चार’ अशाच पद्धतीने लिहिले जातात. धुळ्यात 1862 मध्ये आणि जळगावात 1864 मध्ये नगरपालिका स्थापन झाली. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव पूर्व खान्देशाचे मुख्यालय बनले, आणि कापसाच्या व्यापाराने व रेल्वेने त्याला धुळ्याच्या पुढे नेले. दोन्ही शहरांत 2003 मध्ये महानगरपालिका आल्या. 2011 च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या 4,60,228, तर धुळ्याची 3,75,559 होती.

सरकारी यंत्रणेपेक्षा या प्रदेशाची खरी ओळख देणग्यांतून आणि एकेका माणसाच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या संस्थांत दिसते. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. गिरणीच्या गावात वेदान्ताच्या अभ्यासकांना विद्यावेतन मिळावे, ही गोष्ट आजही नवलाची वाटते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 1926 च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले, आणि त्यांनी जमवलेले दप्तर सांभाळण्यासाठी तेथेच राजवाडे संशोधन मंडळ निघाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मिळवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते याच शहरातील समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. विद्यापीठ मात्र फार उशिरा, 1990 मध्ये, जळगावजवळ बांभोरी येथे आले. तोवर येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. प्रदेशातील सर्वांत गाजलेला सार्वजनिक प्रसंगही शहरातला नव्हे : काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला झाले.

जळगाव महानगरपालिकेची इमारत लोकांच्या बोलण्यात नुसती ‘सतरा मजली’ आहे. पालिकेने शहरभर व्यापारी संकुले बांधून गाळ्यांच्या भाड्यावर उत्पन्नाची मोठी भिस्त ठेवली. पण त्यांतील बहुसंख्य गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 मध्ये संपल्यानंतर नूतनीकरण व थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. घरकुलांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेकडून काढलेल्या कर्जाचा भारही दीर्घकाळ तिजोरीवर राहिला. भुसावळचे चित्र वेगळे आहे, कारण तेथे नगरपालिकेच्या शेजारी रेल्वेची स्वतःची वसाहत व रुग्णालय आहे.

नागरिकांचा पालिकेशी रोजचा संबंध येतो तो पाण्यावरून. जळगावला वाघूर धरणातून, धुळ्याला तापी योजना व नकाणे तलावातून पाणी मिळते, परंतु धरणात साठा असूनही जलवाहिनी फुटली की वाटपाचे वेळापत्रक कोलमडते. पाणी रोज येत नसल्याने घरोघरी टाक्या आणि ड्रम भरून ठेवण्याची रीत पडली आहे, आणि ‘नळ उना का?’ (नळ आला का?) हा येथल्या अहिराणी बोलीतला प्रश्न गल्लीत एका दारातून दुसऱ्या दारात जातो. निवडणुकीत नगरसेवकाचा हिशेबही बहुधा याच प्रश्नावर मागितला जातो.