फाईव्ह-जी आलं म्हणून गच्चीवरची टीव्हीची छत्री बदलू नका बाप्पा
महाल भागातल्या आमच्या काकू कालही तेच म्हणत होत्या, फाईव्ह-जीच्या लिलावात चॅनलवाल्यांच्या रेडिओ लहरी विकल्या, आता छत्री बदला. काहून बदलायची? 2022 च्या लिलावात 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी निघाला, त्यापायी सॅटेलाइट चॅनल 3700 च्या वर सरकवले हे खरंय, पण तो लहरींचा पट्टा म्हणजे सी-बँड, तो पकडते केबलवाल्याच्या कंट्रोल रूमवरची ती भली मोठी डिश, टॉवर जवळ असला की तिथं चित्र फुटू शकते म्हणून डिशसमोरचं लहरी गोळा करणारं नळकांडं (फीडहॉर्न) अन् त्यामागची सिग्नल वाढवणारी डबी (एलएनबी) ह्यांच्या मधात फिल्टर कसतात. घरची छोटी छत्री केयू-बँड ह्या खूप वरच्या पट्ट्यावर, 11-12 गिगाहर्ट्झच्या (म्हणजे 11-12 हजार मेगाहर्ट्झच्या) आसपास, तिचा ह्या भानगडीशी संबंधच नाही. धो धो पावसात चित्र जाते ते वेगळं. काकूंचा तर रिचार्जच संपला होता.