आहारतंतू

आहारतंतू : वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग माणसाच्या लहान आतड्यातील पाचकरसांनी विघटित होत नाही व तेथे शोषला न जाता मोठ्या आतड्यात पोहोचतो, त्यास आहारतंतू म्हणतात. बोलीत यालाच चोथा, शालेय पुस्तकांत तंतुमय पदार्थ आणि डॉक्टरांच्या तोंडी व खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर फायबर असे म्हटले जाते. यांपैकी एकही शब्द नेमका नाही. पेक्टिन, डिंक किंवा इसबगोलाचा बुळबुळीत श्लेष्म हे पदार्थ आहारतंतूंत मोडतात. मात्र त्यांत तंतू दिसत नाहीत आणि चोथाही उरत नाही. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन, बीटा-ग्लुकान, इन्युलिन, निरनिराळे डिंक आणि कर्बोदक नसलेले लिग्निन हे त्यांचे मुख्य घटक होत. काही प्रमाणात न पचणारा स्टार्चही आता यांतच गणला जातो. धान्यांचा कोंडा, कडधान्ये, भाज्या, फळे व तेलबिया हे त्यांचे स्रोत सर्वपरिचित आहेत.

मापन व व्याख्या : आहारतंतूंच्या प्रमाणाविषयीचा बराचसा घोळ मापनाच्या इतिहासातून आलेला असल्याने तो थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत ग्यॉटिंगेनजवळील वेंडे येथील कृषी प्रयोगकेंद्रात हेनेबर्ग व श्टोमान यांनी गुरांच्या चाऱ्याची प्रत ठरविण्यासाठी एक पद्धत बसवली. तीत नमुना प्रथम विरल आम्लात व नंतर विरल अल्कात उकळून जो सेंद्रिय शेष राहतो, त्याला अपरिष्कृत तंतू असे नाव मिळाले. या प्रक्रियेत विद्राव्य तंतू पूर्णपणे, हेमिसेल्युलोजचा बहुतांश आणि लिग्निनचाही मोठा वाटा निघून जातो. तरीही ही पद्धत माणसाच्या अन्नाला सुमारे शतकभर लावली गेली.

याचा परिणाम भारतीय कोष्टकांत स्पष्ट दिसतो. जुन्या कोष्टकांत दर १०० ग्रॅममागे अपरिष्कृत तंतू ज्वारीत १.६, बाजरीत १.२, नाचणीत ३.६, कणकेत १.९ आणि सडलेल्या (कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या) तांदळात अवघे ०.२ ग्रॅम असे आकडे आढळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत एकूण आहारतंतूंचे प्रमाण ज्वारीत सुमारे १०, बाजरी, नाचणी व कणीक या तिन्हींत ११ ते ११.५ आणि सडलेल्या तांदळात २.८ ग्रॅम आहे. येथे धान्य बदललेले नसून मोजण्याची पद्धत बदलली आहे. नाचणीत बाजरीच्या तिप्पट तंतू असतात हे विधान मराठी आरोग्यविषयक लेखनात अधूनमधून भेटते. ते जुन्या कोष्टकाचा अवशेष मानावे लागते. नाचणीचे महत्त्व तिच्यातील कॅल्शियममुळे अबाधित राहते, परंतु तो वेगळा विषय आहे.

मधुमेही रुग्णांच्या आहाराचा हिशेब करताना मॅकॅन्स व लॉरेन्स यांनी १९२९ मध्ये उपलब्ध आणि अनुपलब्ध कर्बोदके असा भेद केला होता. त्यातील अनुपलब्ध कर्बोदकांचे रासायनिक विश्लेषण साउथगेट यांनी १९६९ मध्ये सुधारले, आणि १९८५ मध्ये विकरांचा वापर करून उरलेला शेष तोलण्याची पद्धत प्रमाणित झाली. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २००९ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येनुसार दहा किंवा अधिक शर्करा-एकके साखळीत जोडलेली असलेली, लहान आतड्यात न पचणारी कर्बोदके आहारतंतू ठरतात. तीन ते नऊ एककांच्या साखळ्या धराव्यात की नाही हे प्रत्येक देशावर सोपविले आहे. अन्नातून वेगळे काढलेले वा कृत्रिम रीत्या बनविलेले पदार्थही, त्यांचा शरीरक्रियात्मक लाभ सिद्ध झाल्यास, या व्याख्येत बसतात. त्यामुळे एकाच बिस्किटाच्या वेष्टनावरील आकडा दोन देशांत निराळा असू शकतो.

संकल्पनेचा उगम : कोंड्याने पोट साफ होते हे ज्ञान फार जुने असून ग्रीक वैद्यकातही त्याचा उल्लेख असल्याचे सांगितले जाते. ‘आहारतंतू’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग हिप्सली यांनी १९५३ मध्ये गर्भावस्थेतील विषाक्ततेविषयीच्या लेखात प्रथम केला, असे सामान्यतः मानले जाते. मात्र तंतूंच्या अभावाने दीर्घकालीन रोग जडतात या गृहीतकाचे श्रेय कोणाला द्यावे याबाबत एकमत नाही. ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य क्लीव्ह यांनी दुसऱ्या महायुद्धात खलाशांच्या बद्धकोष्ठावर कोंड्याचा उपयोग केला होता आणि पुढे शुद्ध साखर व मैदा यांना अनेक रोगांचे मूळ ठरविले. त्यांचा रोख चोथा गेल्यामुळे माणूस साखर अवाजवी खातो यावर अधिक होता. दक्षिण आफ्रिकेत वॉकर यांनी स्थानिक आफ्रिकी लोकांच्या आहाराचा व आतड्यांच्या कार्याचा अभ्यास आधीपासून चालविला होता. युगांडात अनेक वर्षे वैद्यकसेवा केलेल्या ट्रॉवेल व बर्किट यांनी १९७० च्या सुमारास या धाग्यांची गुंफण केली. ट्रॉवेल यांनी १९७२ मध्ये व्याख्या दिली, तर बर्किट, वॉकर व पेंटर यांनी त्याच वर्षी युगांडाच्या ग्रामीण भागातील मलाचे दैनिक वजन ४०० ग्रॅमहून अधिक आणि ब्रिटिश नाविकांत सुमारे १०० ग्रॅम असल्याचे दाखविले. प्रसिद्धीचे श्रेय बर्किट यांच्याकडे जाते; कल्पनेचे श्रेय मात्र विभागून देणे अधिक न्याय्य वाटते. दोन समाजांत आहाराखेरीज इतरही असंख्य भेद असतात, हा या तुलनांवरील आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो आजही ग्राह्य आहे.

शरीरावरील परिणाम : सर्वांत निर्विवाद लाभ बद्धकोष्ठावर दिसतो. गव्हाच्या कोंड्यातील दर ग्रॅम तंतूमागे मलाचे वजन सुमारे ५ ग्रॅमनी वाढते, तर पेक्टिनमुळे ही वाढ एका ग्रॅमहून किंचितच अधिक असते. कारण पेक्टिनचा मोठ्या आतड्यातील जीवाणू जवळजवळ पूर्ण फडशा पाडतात. जाडसर कोंडा बारीक दळलेल्यापेक्षा अधिक परिणामकारक असतो. जीवाणूंच्या किण्वनातून अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. त्यांतील ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. याच कारणाने तंतूंपासून ऊर्जा मिळतच नाही हे जुने मत सोडून देण्यात आले असून सरासरी दर ग्रॅममागे २ किलोकॅलरी धरल्या जातात.

चिकट द्राव तयार करणारे विद्राव्य तंतू जठर रिकामे होण्याचा वेग व ग्लुकोजचे शोषण मंदावतात, त्यामुळे जेवणानंतर रक्तशर्करेची चढण सौम्य होते. तसेच ते पित्ताम्ले बांधून शरीराबाहेर नेतात. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. ओटमधील बीटा-ग्लुकान रोज ३ ग्रॅम घेतल्यास घातक समजल्या जाणाऱ्या एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये माफक पण सातत्यपूर्ण घट आढळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओटबाबत १९९७ मध्ये आणि इसबगोलाच्या भुशीबाबत १९९८ मध्ये हृदयविकाराशी निगडित दावा छापण्यास मान्यता दिली.

दीर्घकालीन रोगांविषयीचा सर्वांत व्यापक आढावा २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात १८५ निरीक्षणात्मक अभ्यास व ५८ चाचण्या विचारात घेतल्या होत्या. सर्वाधिक तंतू खाणाऱ्यांत सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत एकूण मृत्युदर तसेच हृद्रोग, पक्षाघात, मधुमेहाचा दुसरा प्रकार व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि रोज २५ ते २९ ग्रॅम सेवन करणाऱ्यांत लाभ सर्वाधिक दिसला. यातील दीर्घकालीन अभ्यास मुख्यतः युरोप व अमेरिकेतील आहेत, हे भारतीय वाचकाने ध्यानी घेणे इष्ट. शिवाय जास्त तंतू खाणारी व्यक्ती बहुधा धूम्रपान कमी व व्यायाम अधिक करणारी असते. हा प्रभाव गणिताने वजा केला जातो, पण पूर्णपणे नाहीसा करता येत नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत मतभेद अधिक तीव्र होते. अमेरिकेतील परिचारिकांच्या पाहणीत १९९९ मध्ये संबंध आढळला नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तंतुबहुल आहाराने किंवा गव्हाच्या कोंड्याने मांसांकुरांचा (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या, आतड्याच्या अस्तरावरील गाठींचा) पुनरुद्भव रोखला गेला नाही. याउलट युरोपातील दहा देशांच्या संयुक्त पाहणीने २००३ मध्ये संरक्षक परिणाम दाखविला. चाचण्यांचा तीन-चार वर्षांचा काळ कर्करोगाच्या वाढीच्या मानाने अपुरा होता, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. आतड्याच्या भित्तीवर होणाऱ्या पिशव्यांच्या विकाराबाबत मात्र तो तंतूंच्या अभावाने होतो हे मूळ गृहीतक डळमळीत झाले असून, २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात तंतू अधिक खाणाऱ्यांत या पिशव्या उलट जास्त आढळल्या.

सेवनमान व मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार दहा वर्षांवरील व्यक्तीने अन्नात नैसर्गिकपणे असलेले किमान २५ ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी २१ आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी १५ ग्रॅम तंतू रोज घ्यावेत. ब्रिटनने २०१५ पासून प्रौढांसाठी ३० ग्रॅमचे मान ठेवले आहे. ‘नैसर्गिकपणे असलेले’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे, कारण वरील लाभ बहुतांशी अख्ख्या धान्यांच्या व भाज्यांच्या सेवनाशी जोडलेले आढळले आहेत, वरून मिसळलेल्या पुडीशी नव्हे. सेवन एकदम वाढविल्यास वायू व पोटफुगी होते. आतड्याचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांना तंतू वाढवणे धोक्याचे ठरू शकते. कोंड्यातील फायटेट हे खनिजांना बांधून ठेवणारे संयुग लोह, जस्त व कॅल्शियम यांचे शोषण कमी करते. भिजवणे, मोड आणणे व आंबवणे यांनी त्याचे प्रमाण घटते.

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ या म्हणीत कोंडा हे गरजवंताचे अन्न आहे आणि सणासुदीला चाळून घेतलेल्या सपिटाची प्रतिष्ठा महाराष्ट्रात अद्याप टिकून आहे. इसबगोलाला मात्र ही अप्रतिष्ठा कधी चिकटली नाही, बहुधा ते औषध म्हणूनच घरात आले म्हणून. त्याचे नाव फार्सीतील ‘घोड्याचा कान’ या अर्थाच्या शब्दांवरून आल्याचे मानतात व ते बीच्या आकारास अनुलक्षून असावे. त्याची लागवड मुख्यतः गुजरात व राजस्थानात होते आणि उत्तर गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. भुशी भरपूर पाण्यासह घ्यावी लागते. कोरडी गिळल्यास ती फुगून घशात अडकल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.