द्राक्षारस म्हणजे नुसता रस नव्हे

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘द्राक्षारस’ हा शब्द येतो, म्हणून येशूच्या काळी लोक न आंबवलेला ताजा रसच पीत, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. द्राक्षं तुडवायची उन्हाळ्याच्या अखेरीस आणि द्राक्षारस प्यायचा तो यहुद्यांचा वल्हांडण सण वसंतात. तोवर रस आंबल्याशिवाय कसा राहील? नवा द्राक्षारस जुन्या कातडी बुधल्यात घालू नये, हे येशूचं बोलणंच पाहा. आंबणाऱ्या रसातल्या वायूनं जुनं, ताठर झालेलं कातडं फाटतं. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत तर प्रभुभोजनालाच, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीलाच, कुणी झिंगले, म्हणून प्रेषित पौलानं खडसावलं. पाणी मिसळून पिण्याची रीत होती, हे मात्र खरं. पाश्चरायझेशन करून, म्हणजे तापवून आंबवणारे सूक्ष्मजीव मारून, द्राक्षाचा रस न आंबवता बाटलीत टिकवणं अमेरिकेत थॉमस वेल्च यांना साधलं, तेही १८६९ साली.